शेवग्यावरचं झाकण

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगला भिऊन गावी पळालेले आम्ही खानदेशी लोक सुरतेला परतलो, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तिथल्या उधना भागात आमची एक खोली होती आणि दारात शेवगा. मकानमालकीण म्हातारी गुजराती. तिनं बायकोच्या हातात बाजरीची पुडी ठेवली आणि म्हणाली, "पंखीने चण नाख, पुण्य मळशे." बायकोनं तेलाच्या डब्याचं झाकण तीन दोऱ्यांनी फांदीला टांगलं आणि त्यात बाजरी टाकली. पुण्याचं माहीत नाही, पाखरं मात्र दुसऱ्याच दिवशी आली.

मी पॉवरलूमवर रात्रपाळीला. बारा तास उभं राहून सकाळी आलो की जेवायचंही त्राण नसे. दारात चहा घेऊन बसायचं आणि झाकणाकडे बघायचं. साळुंकी आली की तिची दादागिरी सुरू. चिमण्या कडेकडेनं टिपायच्या. एक खायची तेव्हा दुसरी मान वळवून पहारा द्यायची. मला त्यांचं एक फार आवडे. गावच्या चिमण्यांसारखी त्यांची कटकट नव्हती. सुरतेच्या चिमण्या मुक्याच, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी मी अंथरुणावर पडणार, तोच बायको म्हणाली, "ह्या चिड्या कित्ता कल्ला करतस! तुमले झोप तरी कशी लागस?"

मी बाहेर पाहिलं. सगळ्या चिमण्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी हसून वेळ मारून नेली.

लूमच्या खडखडाटानं कान जातात हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपले गेले हे कळत नाही. तिथं सगळेच हातवारे करतात, ओठ बघून बोलणं ओळखतात. घरीही मी तेच करत होतो आणि मला पत्ता नव्हता. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. मी तिला काही बोललो नाही. बहिऱ्याच्या भरवशावर लेकरू टाकून नळावर कोण जाईल? पोर रडलं आणि मला ऐकू आलं नाही तर, एवढीच धास्ती मनात बसली.

ती बाळंतपणाला माहेरी गेली. ते पाच महिने मी पाखरांवर नजर ठेवली. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, कुणाचं भांडं पडलं, की झाकण एका झटक्यात रिकामं होई. मग मी इकडेतिकडे बघून कारण शोधायचो. बहुतेक वेळा ते सापडायचं. चला, आपल्या कानांचं काम ही पाखरं करतील, असं मला वाटू लागलं. थकलेल्या माणसाला कसलाही आधार पुरतो.

बायको परतली ती तीन महिन्यांची मुलगी घेऊन. पहिले पंधरा दिवस निभावले. पाणी मीच भरलं. मग एकदा माझी पेंगणारी मान बघून तिनं मला बसवलं, मुलीला झोळीत टाकलं आणि स्वतः नळावर गेली. मी झोळीकडे पाठ करून दारात बसलो, कारण पाखरं समोर होती. डोळे मिटत होते, ते ताणून झाकणाकडे बघत राहिलो. चिमण्या निवांत टिपत होत्या. म्हणून मीही निवांत.

बायको आली ती हंडा अंगणातच टाकून मला ओलांडून आत धावली. हंड्याच्या आवाजानं चिमण्या उडाल्या, तेव्हा कुठं मी वळून पाहिलं. मुलगी रडून रडून निळी पडली होती.

पंधरा दिवसांत चिमण्या त्या रडण्याला सरावल्या होत्या. मी लूमला सरावलो, तशाच. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, याची मला अजून लाज वाटते.

"पोर रडी ऱ्हायनी, तुमले ऐकू येत नही का?"

"डोळा लागला होता," मी म्हणालो. म्हणताना मी तिच्या ओठांकडे बघत होतो आणि तिनं ते पाहिलं. मुलीला खांद्यावर घेऊन तिनं पदर तोंडावर धरला. पदर जरासा हलला, थांबला, पुन्हा हलला. ओठ दिसत नव्हते; मी नुसता पदराकडे बघत राहिलो.

पदराआडून तिनं काय विचारलं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.