साळिंदराने चाखलेले दांडे

पिंपरीहून भोसरीकडे जाताना तेव्हा नुसता माळ होता. त्या माळावर एका कारखान्याचा पाया खणायला आमचा तळ पडला: पाच-सहा तंबू, एक चूल, चाळीसेक गडी, त्यांच्यावर मुकादम, सगळ्यांवर इंजिनिअरसाहेब आणि या साऱ्यांचं सामान सांभाळायला मी. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि जो तो देश उभारत होता. आमच्याकडे तो अजून जमिनीखालीच होता.

तळाचा खरा रहिवासी मात्र एक साळिंदर. ओढ्याकाठच्या बिळातून ते रात्री यायचं आणि टिकाव-फावड्यांचे दांडे कुरतडून जायचं.

"मिठासाठी करतंय," स्वयंपाकी म्हणाला. तो तिथल्याच गावचा. "घाम मुरल्यालं लाकूड लई आवडतं त्याला."

इथपर्यंत ते शास्त्र होतं. मुकादमाने त्याचा कायदा केला. ज्याचा दांडा जास्त खाल्लेला, तो गडी जास्त राबला. रोज सकाळी तो दांडे असे न्याहाळी, जणू मॅट्रिकचे पेपर तपासतोय. त्यातच एकदा साहेबांच्या खुर्चीचे दोन्ही हात कुरतडलेले निघाले.

"बघा, साहेब किती राबतात!" मुकादम ओरडला.

साहेब दिवसभर त्या खुर्चीत बसून घाम पुसत. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. खुर्ची मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी तंबूच्या दारात आणून ठेवली. तेव्हापासून साळिंदराच्या निकालावर शंका घेणं म्हणजे साहेबांवर शंका घेणं झालं.

एकाचाच दांडा कायम कोरा. मोगलाईतून, म्हणजे मराठवाड्याकडून, आलेला उंच, अबोल गडी. टिकाव घरून आणलेला. खरं तर तो दोघांचं काम एकटा उपसायचा.

"काय भाऊ, टिकाव देव्हाऱ्यात ठेवायला आणलाय का?" बाकीचे चिडवत.

"मपला दांडा कडुलिंबाचा हाय. कडू लाकूड कोन खाईल?"

"जनावराला लाकूड काय कळतंय?" मुकादम म्हणे. "त्याला घाम कळतो."

पाया संपत आला तेव्हा मुकादमाने जाहीर केलं, की निम्मे गडी ठेवायचे, बाकीच्यांनी गाव गाठायचं. निवड अर्थातच दांड्यांवरून. कोऱ्या दांड्याच्या गड्याला तर त्याने तिथल्या तिथेच सांगून टाकलं. बिचाऱ्याने आठवड्यापूर्वीच भोसरीत खोली घेऊन बायकोला आणलं होतं. मी साहेबांकडे रदबदली केली. खुर्चीच्या खाल्लेल्या हातावरून बोटं फिरवत साहेब म्हणाले, "निकष सर्वांना समान हवा."

दुसऱ्या दिवशी पिठलं अळणी लागलं.

"मिठाचं मडकं कुनी चाटलं रं?" स्वयंपाकी गरजला. सगळे खाली मान घालून जेवत राहिले. संध्याकाळी जो तो आपला दांडा जरा जास्तच मायेने चोळत होता. एकाने मूठभर मीठ कडुलिंबवाल्यापुढेही धरलं.

"कष्ट मपले, मग मीठ दुसऱ्याचं कशाला?" म्हणून तो उठून गेला.

साळिंदराला मेजवानी झाली. बहुधा त्याने पाहुणेही बोलावले असावेत. सकाळी दांडे मधोमध इतके पोखरलेले, की घाव घातला की मोडत. नेमके त्याच सकाळी मुंबईचे बडे साहेब पाहणीला यायचे होते आणि पायाचा एक कोपरा उरला होता. त्यांची गाडी आली तेव्हा त्या कोपऱ्यात एकच टिकाव चालत होता. बाकीचे गडी हातात लाकडाचे तुकडे धरून रांगेत उभे.

"हा एकटाच काम करतो?" बड्या साहेबांनी विचारलं.

मुकादम घसा साफ करीपर्यंत चुलीपासून उत्तर आलं, "व्हय सायेब. बाकीच्यांनी नुसतं मीठ लावलंय."

बड्या साहेबांना मिठाचं काही कळलं नाही, एकट्याचं कळलं. दुपारी मुकादम त्या गड्यापाशी जाऊन पुटपुटला, "राहिलास तू."

"राहातो. पन मला बी समद्यांसारखा बाभळीचा दांडा द्या."

"आता कशाला रे बाबा?"

"बघू तरी, मपला घाम खातंय का न्हाई."

नव्या दांड्यांतला एक मी त्याला बसवून दिला. दोन-तीन दिवसांनी सकाळी तो टिकाव खांद्यावर टाकून चुलीपाशी आला. दांड्यावर दातांच्या दोन बारीक खुणा होत्या. स्वयंपाक्याने त्या निरखून पाहिल्या.

"एवढंच?"

"काल काम कमी व्हतं," तो म्हणाला.