फोड्यामामाचा हात

माझ्या मामाला सगळे फोड्यामामा म्हणतात. माणूस इतका मऊ की झुरळ दिसलं तरी मामीला हाक मारतो, पण पोटासाठी फोडायचं काम करतो. दवाखान्यांच्या, ऑफिसांच्या जुन्या हार्ड डिस्क त्याच्या दुकानात येतात. तो आधी मालकाच्या नावाचं लेबल सोलून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, मग त्याच्या डोळ्यांदेखत डिस्कला ड्रिलने आरपार भोक पाडतो. "पुसलेलं परत वाचता येतं, भोक वाचता येत नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य. कोणाच्या डिस्कमध्ये काय होतं, हे त्याने जन्मात कधी पाहिलं नाही.

बाबा गेले आणि मागोमाग त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. माझ्या लहानपणी त्यांनी त्यावर गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, सगळ्या प्राण्यांचे आवाज स्वतः काढून. दुसरीकडे कुठेच त्यांचा आवाज नव्हता. बंद डिस्कमधलं काढून देणारी माणसं परगावी असतात, त्यांच्याकडे पाठवायला म्हणून आईने ती डिस्क मामाकडे दिली.

आणि या शहाण्याने तिचं लेबल सोललं!

"ताईला घेऊन ये गं जरा," फोनवर मामा म्हणाला. "काही झालं नाही. म्हणजे झालंय. पण काय झालंय तेच कळत नाहीये."

आईला घेऊन दुकानात पोचले. टेबलावर दोन डिस्क होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, दोन्ही नागड्या. मामाच्या दोन हातांत दोन लेबलं. एक डिस्क आमची, दुसरी बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंची. त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर, आणि डिस्कवर त्यांच्या पेशंटची बोलणी.

"बोलता बोलता हात चालला," मामा रडवेला झाला होता.

"हात आहे की उंदीर?" मी म्हणाले. "लावून बघ की कुठली कोणाची ते."

"दोन्ही बंद आहेत गं."

"मग दोन्ही परगावी पाठवू."

"आणि आधी माझीच उघडली तर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती माणसं दार लावून बोलली आहेत माझ्याशी. पुसता येत नाही म्हणून तर फोडायला आणली." त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

मामा डिस्क उचलून बघत होता. "ही आपली वाटते. नाही, ही. थांब, मघाशी कुठली कुठे होती?" आता तेही गेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचा फोड्यामामा.

डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या. "झोप लागते ना आता?"

मला काही कळेना. "आई, तू यांना ओळखतेस?"

"बाबा गेल्यावर मी यांच्याकडेच जायचे."

"तू तर विणकामाच्या क्लासला जायचीस!"

"एक मोजासुद्धा घरी आला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं तुला."

चिडावं की तिला मिठी मारावी, तेच मला समजेना. तोवर ती मामाला म्हणाली, "फोड. दोन्ही."

"आई, बाबांचा आवाज आहे त्यात!"

"हो. आणि दुसरीत माझ्यासारख्या किती जणी रडल्या असतील. त्या परक्याच्या कानावर गेलेल्या मला चालणार नाहीत. तुझ्या बाबांनाही चालल्या नसत्या."

ड्रिलच्या दांड्यावरचा मामाचा हात काही खाली येईना. शेवटी आईने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दाबला. मग दुसरीलाही तसंच. मामा ढसाढसा रडला. आमचं लेबल आईने पर्समध्ये ठेवलं.

परतताना मी तिच्या दोन पावलं पुढे चालत होते. बाबांचा आवाज गेला होता, आणि ज्या बाईचा राग करावा तिने माझ्या आईला झोप आणून दिली होती. कोणावर चिडायचं, हेच ठरेना. अखेर राहवलं नाही.

"एवढं काय बोलायचीस तिथे?"

आईने रस्त्यावर पुढे-मागे कोणी नाही ना, ते पाहिलं. घसा खाकरला. मग जाड आवाजात म्हणाली, "कोण रे झोपलंय माझ्या गुहेत?"

बाबांचं अस्वल. तसंच, 'माझ्या'वर अडखळणारं.

"हेच," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "बाई म्हणायच्या, ते कसे बोलायचे ते करून दाखवा. करता करता सगळे प्राणी यायला लागले."

मी फुटपाथवरच थांबले. डोळे पुसले.

"वाघाचा कर," मी म्हणाले.