कचरीचं नाव कमी केलं

चार जुने मास्तर जमले, की गप्पा हजेरीपटावर येतातच. एकाने एक नाव काढलं, की दुसऱ्याला दहा आठवतात! बाभुळगावजवळच्या आमच्या शाळेत मास्तर दोनच: मी आणि हेडमास्तर. हजेरी माझ्याकडे, नियम त्यांच्याकडे.

*

पहिल्याच वर्षी एक पोरगा दाखल व्हायला आला.

"नाव काय रे?"

"बापू."

"हे घरातलं झालं. शाळेतलं सांग."

"शाळेत तर आत्ताच आलो न जी!"

मग मीच त्याचं बारसं केलं. नामदेव! घरी जाऊन त्याने आईला बजावलं, "आता मले बापू म्हणशीन तर जेवणार नाही."

*

सखारामच्या खोड्यांनी वर्ग हैराण. त्याच्या आईला बोलावून म्हटलं, "बाई, घरी याला दोन धपाटे घालत जा."

तिने डोक्यावरचा पदर सावरला. "कशी मारू जी? सासऱ्याचं नाव हाये त्याले!"

तिच्यामागे उभा असलेला सखाराम आजोबासारखा खाकरला.

*

तांड्यावरचा हरसिंग एक दिवस पाढे धडाधड म्हणायचा, दुसऱ्या दिवशी पार कोरा! मी चक्रावून गेलो होतो. एकदा डिप्टीसाहेब तपासणीला आले. "सतराचा पाढा म्हण."

"पाढे उद्याच्या हरसिंगले येतेत," पोरगा शांतपणे म्हणाला. "माह्याकडं कविता हाये."

भाऊ जुळे, दाखल केलेला एकच. एक शाळेत, तर दुसरा गुरांमागे! साहेब पोट धरून हसले आणि दुसऱ्याचंही नाव त्यांनी तिथल्या तिथे लिहायला लावलं.

*

आता कचरी. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिचं असं नाव ठेवलेलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण फिरकत नाही, अशी समजूत. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि बापाने पोरीचं नाव ठेवलं सुजाता.

दुसऱ्या दिवशी मी पुकारलं, "कचरी!"

उत्तर नाही. समोरच तर बसली होती!

"अगं, हजर म्हण ना."

"कचरी नाही आली, गुरुजी."

हेडमास्तर म्हणाले, "रजिस्टरातलं नाव असं बदलता येत नाही. उत्तर नाही, तर गैरहजर मांडा." मी मांडत गेलो. पोरगी रोज सगळ्यांच्या आधी यायची, खणखणीत धडा वाचायची, आणि माझ्या पटावर गैरहजर! महिनाभर असं चाललं की नाव कमी करायचं, हा नियम. म्हणजे शाळाच सुटणार. मला स्वतःची लाज वाटायची.

"एकदा हजर म्हण गं, बाई," मी अक्षरशः विनवलं.

"मी म्हटलं तर ते नाव परत येईन न जी."

महिना भरला. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, लाल शाईचा टाक घेतला आणि कचरीचं नाव कमी केलं.

मान वर न करता ते म्हणाले, "हिच्या बापाला बोलवा. एक नवीन मुलगी दाखल करायची आहे."

दुसऱ्या दिवशी पट उघडला. सगळ्यात शेवटचं नाव, ओली असल्यासारखी ताजी शाई.

"सुजाता!"

"हजर!"

मी पट मिटायला लागलो, तर ती उभीच.

"गुरुजी, आणखीन एकदा घ्या न!"