काचेवरची बांगडी

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमच्या घराला लागूनच भानुदासचं घर. नागपूरचा माणूस, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करायचा. माझं आयुष्य नाटकात गेलं. उतारवयात मुलाकडे राहायला आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून भानुदासच्या मागच्या दाराचा लाकडी डेक थेट रंगमंचासारखा दिसायचा. रोज संध्याकाळी तिथे एकच पात्र यायचं. कानटोपी, जाड कोट आणि सिगारेट.

घरात बाबासाहेबांची तसबीर. तिच्यासमोर धूर काढायचा नाही, हा त्याच्या बायकोचा, अंजनाचा नियम. बाहेर फार वेळ झाला की अंजना आतून काचेच्या दारावर बांगडी वाजवायची, टक टक, आणि हा सिगारेट विझवून आत जायचा. २००४च्या थंडीत अंजना गेली. भानुदास मात्र रोज बाहेर उभा राहतच होता.

पुढे त्याची लेक हर्षिता गरोदर राहिली. दूरच्या चँडलर शहरातून तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, सिगारेट सुटली तरच बाळ हातात देईन.

मग भानुदासनं कानात सुया टोचून घेतल्या. तलफ आली की दाबायचे मोहरीएवढे दाणे कानाला चिकटवले. शेवटी संमोहन करणाऱ्या एका बाईंकडे गेला. सगळे आवाज आता विरत चाललेत, असं त्या म्हणाल्या मात्र, हा खुर्चीतून उठलाच. बायको काच वाजवते, तेवढा आवाज राहू द्या म्हणाला. बाईंना कौतुक वाटलं. पुढच्या वेळी तिलाही घेऊन या म्हणाल्या.

हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही.

"अजून वाजवते?" मी विचारलं.

"सिगारेट संपत आली की वाजवते, मावशी. सोडली तर कशाला वाजवेल?"

"अरे, ती सिगारेटला बोलवायची की तुला? उद्या रिकाम्या हातानं उभा राहून बघ. मी येते."

दुसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. तो बाहेर, हात खिशात, पाठ दाराकडे. मी त्याच्या घरात, काचेच्या दाराच्या पडद्याआड. विंगेत उभं राहून आयुष्यभर वादळं वाजवली मी, घोड्यांच्या टापा वाजवल्या; दोन टकटकींचं ते काय! अंधारून आलं तरी तो हलेना. मी मनगटावरची बांगडी पुढे सरकवली, हात उचलला, आणि काचेपासून वीतभर अंतरावर हात थांबला. तिची एंट्री मी कशी घेऊ?

तेवढ्यात भानुदास वळला. दार सरकवून आत आला, बुटांवरचं बर्फ झटकलं आणि माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "आलो, आलो."

त्यानंतर त्याच्या हातात सिगारेट मी पाहिली नाही. नात आली, त्याच्या कुशीत झोपायला लागली. पण संध्याकाळी तो थोडा वेळ अजूनही बाहेर उभा राहतो. मी तेव्हा पोळ्या लाटत असते. लाटणं थांबवते, आणि हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरून ठेवते.