साठ वॉटची माया

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर आहे आणि एक पाळलेली बटेर माझ्या हातून मेली आहे. यातली दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पहिली मात्र मी सगळ्यांना सांगत असते, कुणी विचारलं नसलं तरी.

बटेर म्हणजे आपल्याकडचा लावा. मुठीत मावेल एवढा, करड्या ठिपक्यांचा, उडण्यापेक्षा पळणारा पक्षी. इथे जयपूरच्या आसपास अंड्यांसाठी आणि मांसासाठी त्याची फार्म आहेत. सीतापुराच्या अलीकडे मी ज्या हॉस्पिटलमध्ये काम करते, तिथे अशाच एका फार्मवाल्याच्या बायकोची अडलेली सुटका मी केली होती. गणपतीच्या दिवसांत तो खोकं घेऊन आला. खोक्यात दोन डझन चिमुकली अंडी आणि एक जिवंत मादी. "मैडमजी, अभी-अभी अंडे देने लगी है. वैसे पकाके भी खा सकते हैं," तो मोठ्या प्रेमाने म्हणाला. मी खोकं घरी आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर खोकं बाबांच्या मांडीवर होतं.

"हिला कापायची न्हाई," बाबा म्हणाले.

आई गेल्यावर बाबांना मी इचलकरंजीजवळच्या आमच्या गावातून इथे आणलं, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. जन्मभर सूतगिरणीत फिटर होते. नवरा लष्करात, त्याची नेमणूक कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. घरात मी आणि बाबा, आणि मी सकाळी आठला गेले की नुसते बाबा. हिंदी येत नाही, ओळखपाळख नाही. कॉलनीतले म्हातारे बागेत पत्ते खेळायचे, बाबा कडेला बसून दुसऱ्यांच्या हातातली पानं बघायचे आणि परत यायचे. रोज संध्याकाळी एकच पालुपद, "मला गावी सोड." तिथे घराला कुलूप, शेजारच्या घरालाही कुलूप. त्यांना बीपी, साखर, बायपास झालेली. कसं सोडणार? मी चिडायची. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

बटेर आली आणि ते विचारणं थांबलं. बाबांनी बाल्कनीत फळ्या ठोकून खुराडं केलं, पुढच्या बांधकामावरून पाटीभर वाळू मागून आणली. ती वाळूत लोळायची, पंखांवर वाळू उडवायची आणि बाबा खुर्ची टाकून बघत बसायचे. दिवसभर तिच्याशी बोलायचे. गिरणीतल्या गोष्टी, आईच्या गोष्टी, ज्या मला कधी सांगितल्या नव्हत्या त्याही. मला त्यांनी जन्मभर "अगं" याशिवाय हाक मारली नाही. तिला मात्र "पोरी" म्हणू लागले. पन्नाशीला टेकलेल्या बाईने पावशेराच्या आतल्या पाखराचा हेवा करावा यात काही शोभा नाही, पण मी केला. तरी ती जगायला हवी होती. ती होती म्हणून बाबा इथे होते, इतका सरळ स्वार्थ होता माझा.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी वरखाली होत होती, मधूनच कळ दिल्यासारखी अंग आवळत होती. बाबांचा चेहरा उतरला. मी तिला उचललं, पोट चाचपलं आणि मला हसू आलं. अंडं अडलं होतं. अडलेली बाळंतीण, आणि तीही माझ्या घरात! स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन तिला त्यात धरलं, तेलाचं बोट लावलं, आमच्या गरोदर बायकांना देतो त्या कॅल्शियमच्या सिरपचे थेंब ड्रॉपरने चोचीत सोडले. दोनेक तासांनी अंडं आलं. बाबांचे डोळे भरून आले. "तुझ्या हाताला यश हाय गं," ते म्हणाले. हे वाक्य ऐकायला मला डॉक्टर होऊन पंचवीस वर्षं वाट पाहावी लागली होती. मी नवऱ्याला फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी लेबर रूममधल्या सिस्टरना हकीकत सांगितली, सगळ्या हसल्या. मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

तिला आता थंडी लागता कामा नये, हे मी ठरवलं. आमच्याकडे नवजात बाळ जरा अशक्त निघालं की वॉर्मरखाली ठेवतात. माझ्या दृष्टीने तीही तशीच. खुराडं बाल्कनीतून उचलून हॉलमध्ये घेतलं. एलईडीने ऊब मिळत नाही, म्हणून चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, अरुंद गल्ल्या फिरून एका जुन्या दुकानातून साठ वॉटचा पिवळा बल्ब शोधून आणला आणि खुराड्यावर टांगला. दिवसरात्र चालू. जयपूरची थंडी काही चेष्टा नाही, आणि मी काही अडाणी नाही.

"रात्रीचा तरी घालव की दिवा," बाबा दुसऱ्याच दिवशी म्हणाले. "झोपंना झालीया ती."

"बाबा, तिला ऊब लागते."

"मग गोणपाट घालू या वरनं. उजेड कशाला?"

"तुम्हाला त्यातलं कळत नाही, बाबा."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर पुढे निदान माफी मागता आली असती. मी ते पेशंटच्या सासूला सांगते तसं, हसून, समजुतीच्या सुरात म्हटलं.

ती रोज अंडं देऊ लागली. एक दिवस खाडा नाही. याचा अर्थ तब्येत सुधारली असा मी लावला, आणि बाबांना रोज सकाळी ते अंडं उकडून देऊ लागले. प्रोटीन. बाबांनी ते आठवडाभर खाल्लं. मग एके दिवशी बशी सरकवली.

"तिच्या अंगातलं काढून मला कशाला घालतीस?"

"अहो, ती देतेच आहे ना रोज?"

"तेच म्हणतोय मी. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, तरी आठवड्याला एक दिवस बंद असायची. तेल द्यायला, पट्टे बघायला. हिला सुट्टीच न्हाई." मग म्हणाले, "लाईट घालव गं तेवढी."

मला ओपीडीला उशीर होत होता. "संध्याकाळी बोलू," मी म्हटलं. संध्याकाळी ना मी विषय काढला ना त्यांनी. पण त्या रात्रीपासून ते हॉलमध्ये जाऊन खुराड्यावर आपलं धोतर पसरू लागले, आणि रात्री उठून मी ते काढून टाकायची. बल्बला कापड लागून पेट घेतला तर, ही भीती खरी होती. पण त्यांनी माझ्या उपचारात लुडबुड केली हा रागही तितकाच खरा होता.

डिसेंबर सरता सरता अंड्यांचं कवच कागदासारखं झालं, बोटाने दाबलं तर आत जाई. मग ती लंगडू लागली. मग बसूनच राहिली. पाय दोन्हीकडे फाकलेले, तळव्यांना जखमा. मी जखमा सलाइनने धुवायची, कापसाची गादी करून पट्टी बांधायची. आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा लावून एक पाय सरळ बांधून पाहिला. बाबा आपलं जुनं बनियन चार घड्या करून तिच्याखाली घालायचे, दिवसातून तीनदा बदलायचे, भिजवलेली बाजरी बोटाच्या टोकावर घेऊन एकेक दाणा भरवायचे. दाणा खाली पडला की, "घे पोरी, घे," असं म्हणत पुन्हा उचलायचे. मी कॅल्शियमचे थेंब वाढवले, बल्ब दोन इंच खाली आणला. ती तरीही अंडी देतच राहिली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अडलं. या वेळी कोमट पाणी झालं, तेल झालं, दोन तास झाले, चार तास झाले आणि काही झालं नाही.

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर कुत्री आणि गाई बघतात. फोनवर एकाने मला सरळ विचारलं, "बटेर? मैडम, उसको तो खाते हैं." दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत असतं, आणि मांजाने कापलेल्या पाखरांसाठी जागोजागी तंबू टाकून शिबिरं लावतात. तिथे पक्ष्यांचा डॉक्टर नक्की असतो. बाबांनी तिला बनियनमध्ये गुंडाळून टोपलीत घेतलं आणि आम्ही निघालो. गच्च्यांवरून गाणी आणि "वो काटा!"चा गलका चालू होता. तंबूत रांगेत सगळी कबुतरं, एक घार, एक पोपट.

"मांजा कहाँ लगा है?" कार्यकर्ती मुलीने विचारलं.

"मांजा नहीं लगा," मी म्हटलं, आणि मी डॉक्टर आहे हेही लगेच सांगितलं.

तिथला डॉक्टर पोरसवदा होता, माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठा असेल. त्याने तिला उताणी घेतली, अडलेलं अंडं हलक्या हाताने काढलं, छातीचं हाड चाचपलं, पाय बघितले. मला वाटलं कॅल्शियमबद्दल विचारेल. त्याने विचारलं, "घर में लाइट कितने घंटे रहती है इसके ऊपर?"

मी सांगितलं.

त्याने मान वर केली. तो रागावला नाही, थकलेला होता. म्हणाला की हे पक्षी उजेडावर अंडी देतात. थंडीत दिवस लहान झाला की आपोआप थांबतात, शरीर भरून काढतात. फार्मवाले म्हणूनच दिवे लावतात, वर्षभर अंडी मिळावीत म्हणून. चोवीस तास बल्ब म्हणजे तिला एक दिवसही थांबू दिलं नाही. हाडांतलं सगळं कवचात गेलं. "बल्ब बंद कर देते, बस. अँधेरा ही इसकी दवा थी, मैडम."

मी ओपीडीत दिवसातून तीस वेळा सांगते, दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. चौथ्या खेपेला आलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या बायकांच्या सासवांना मी सगळ्यांदेखत झाडते. "मशीन आहे का ती?" हे माझं ठरलेलं वाक्य.

"काय म्हणाला गं?" बाबांनी विचारलं. दोन्ही हातांनी टोपली धरून उभे होते.

मी म्हटलं, "वय झालंय म्हणाला तिचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हिंदी येत नव्हती, पण बल्ब हा शब्द त्यांना कुणी समजावून द्यायला नको होता. आणि ती अंडी द्यायला लागून जेमतेम चार महिने झाले होते, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते "हं" म्हणाले आणि रिक्षाकडे चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, बटण बंद केलं, बल्ब निवेपर्यंत थांबले आणि काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. खुराडं परत बाल्कनीत नेलं आणि वर गोणपाट घातलं. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे."

चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. मी तेव्हा सिझेरियनला होते. घरी आले तर खुराडं धुऊन उन्हात उपडं घातलेलं होतं. बागेच्या कडेला खड्डा काढून बाबांनी तिला पुरलं होतं, बनियनसकट. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्रासातून सुटली, बाबा."

"हो," ते म्हणाले. "तुमी डॉक्टर लोक. तुमाला कळतंय."

मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा "तुमी" म्हटलं. मी त्या वेळीच खरं सांगायला हवं होतं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. ते मी रोज मनात म्हणते आणि तोंडातून एकदाही निघाले नाहीत.

मला भीती होती तसं काही झालं नाही. "गावी सोड" असं बाबा पुन्हा म्हणाले नाहीत. पूर्वी सकाळच्या चहाबरोबर मला दुखण्यांची यादी मिळायची, गुडघा, पोट, डोळ्यांपुढची अंधारी, आणि मी वैतागायची. आता "कसं वाटतंय?" म्हटलं की "बरंय." गोळ्या दिल्या की घेतात, कशाच्या ते विचारत नाहीत. मला वाटलं, चला, रुळले एकदाचे.

मे महिन्यात त्यांचा शर्ट धुवायला टाकताना खिसा बघितला तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी निघाली. वय, वजन, बीपी. खाली हिंदीत तक्रार लिहिलेली: दोन्ही पायांना सूज, चालताना धाप, दोन महिन्यांपासून. मेच्या उन्हाळ्यात बाबा घरात मोजे घालून बसायचे आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. औषधं बरोबर होती, मीही हीच दिली असती. मंगळवारी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. सोबत कोण, या रकान्यात लिहिलं होतं, "कोई नहीं."

चिठ्ठी मी खिशात परत ठेवली आणि शर्ट न धुता खुंटीला लावला. मंगळवारी मी मुद्दाम उशिरा निघाले. बाबा तोच शर्ट घालून चपला शोधत होते.

"कुठे निघालात?"

"हितंच."

चपला मी त्यांच्या पायांपुढे सरकवल्या. मोज्यांवरून त्या नीट चढत नव्हत्या, तरी मी वाकून हात लावला नाही. येऊ का बरोबर, हे शब्द ओठांपर्यंत आले. त्याचं उत्तर मी चिठ्ठीवर वाचलेलं होतं. मी दार उघडून धरलं, आणि बाबा भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरत गेले.