आईच्या लाटण्याचं पेन

मंडळी, मी लाकडाची पेनं बनवतो आणि त्यांत पितळेची पट्टी जडवतो. आज गंगापूर रोडच्या एक ताई त्यांचं पेन न्यायला आल्या. लाकूड त्यांच्या गेलेल्या आईच्या लाटण्याचं होतं.

जडवलेली पट्टी सकाळीच सुटून आली होती. मी म्हणालो, "लाकडात तेल-तूप मुरलंय, ग्लू धरत नाही. स्पिरिटनं पुसून पुन्हा बसवतो."

त्यांनी पेन नाकाशी नेलं.

"पुसू नका हो दादा. पोळ्यांचा वास येतोय अजून."

"मग पट्टी राहणार नाही."

"नसू दे. आईनं तरी कुठे दागिने घातले?" त्या हसल्या, आणि मग रडल्या.

मी रिकाम्या खाचेसकट पेन दिलं.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी तुम्ही अजून धुतलेली नाही?