दोन सिनेमे आणि एक तलवार

आमचे हे, उदयसिंहराव, वाघोडियाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी घरात सिनेमाचे परीक्षक म्हणून रुजू झाले. पणजोबा गायकवाडी फौजेत होते ना! त्यामुळे जीव कसा वाचवावा यावर अख्ख्या सोसायटीत बोलायचा हक्क फक्त यांचा.

त्या श्रावणात त्यांनी दोन सिनेमे पाहिले, दोन्ही जीव वाचवण्याचेच. पहिला बर्फाचा. डोंगर असे की डोळ्यांचं पारणं फिटावं. "पण हा नायक बघ!" हे कडाडले. "विमान पडलंय, आणि गडी खाण्याची पिशवी टाकून आजोबांचं घड्याळ उचलतो. अक्कल गहाण ठेवलीय!"

दुसरा समुद्राचा. लाटा तर आपल्या बैठकीत येतील अशा. त्यात नायक बायकोसाठी बुडत्या जहाजात परत जातो. "साफ खोटं. शहाणा माणूस परत जातो का कधी? पहिला निदान मूर्ख आहे, हा तर खोटारडा." लागला निकाल. मी गवार मोडत होते. म्हटलं, बरं झालं बाई, आधीच कळलं.

आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी सोसायटीत शिरली. आमचं घर तळमजल्यावर. पाणी घोट्याला लागलं तसे हे सेनापती झाले. "कुसुम, तू वर हो! महत्त्वाचं तेवढं मी घेऊन येतो." वरच्या जागृतीबेननी दार उघडंच ठेवलं होतं. "आवो भाभी, चिंता ना करशो," म्हणत त्यांनी चहा टाकला. मागून हे आले. छातीशी काय धरलेलं? तर दसऱ्याला पूजतो ती पणजोबांची तलवार!

"आणि माझं इन्सुलिन?" मी विचारलं.

यांचा चेहरा खर्रकन उतरला. औषध फ्रिजच्या दारात, फ्रिज पाण्यात, आणि आसपासची दुकानं सगळी बुडालेली. "आता ही तलवारच टोचा मला," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण रात्रीचं इन्सुलिन चुकलं की माझं काय होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

हे मागे वळले. तलवार जागृतीबेनच्या सोफ्यावर ठेवली आणि जिना उतरू लागले. खाली पाणी कमरेच्या वर गेलेलं. "अहो, मगरी असतील! परत या!" मी किंचाळले. आमच्या मगरींना नदी काय आणि सोसायटी काय, सारखीच. इतक्या वर्षांच्या संसारात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

ते आले. चिंब भिजलेले, इन्सुलिनची डबी डोक्यावर धरलेली. मी रडत रडत टॉवेलनं त्यांना खसाखसा पुसलं, तोंडाला येईल ते बोलले. मग विचारलं, "काय हो, शहाणा माणूस परत जातो का कधी?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "त्या सिनेमात परत जाताना त्याचे पाय लटपटत नाहीत. तेवढं मात्र खोटंच आहे."